हिरव्या वाटणातलं पोर्क, परसातल्या निखाऱ्यावर

आमच्या गोडोलीच्या घरात पोर्क स्वयंपाकघरात शिजत नाही. सासूबाईंनी एकच अट घातली होती, "काय भाजायचं ते परसात भाज, माझ्या ओट्यावर आणू नको." त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण अट मी आजही पाळते. सीताफळाच्या झाडापासून चार पावलं लांब शेगडी मांडते. समोर अजिंक्यताऱ्याचा उतार दिसत असतो. महिन्यातनं एखाद्या रविवारी सगळं घर परसातच जेवतं. श्रावणात नाही, नवरात्रात नाही. एरवी मात्र त्या रविवारची वाट माझी नातवंडं महिनाभर बघतात.

पोर्क मी शिकले शिलाँगला. हे फौजेत होते. १९९२ ते १९९५ आम्हाला तिथं फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. कुंपणापलीकडं एका खासी बाईंचं घर. तिकडं वयानं मोठ्या बाईला आदरानं 'काँग' म्हणतात, म्हणून मीही त्यांना काँगच म्हणायची. त्या काळे तीळ भाजून, वाटून त्यात पोर्क शिजवायच्या. दोह-नेइयाँग म्हणतात त्याला. दोह म्हणजे मांस, नेइयाँग म्हणजे काळे तीळ. मी कोरेगाव तालुक्यातली, माळकरी घरातली मुलगी. डुकराचं मटण हे शब्दसुद्धा माहेरी कुणी उच्चारत नसे. पहिले सहा महिने मी नुसती बघायची. मग एका पावसाळी संध्याकाळी काँगनी भात आणि दोन फोडी वाढल्या, आणि मी जेवले. त्या माऊलीनं मला मटण निवडायला, चरबी सोलायला आणि आच ओळखायला शिकवलं. पुढं जे काही करते त्याचं मूळ त्यांच्या चुलीपाशी आहे.

साताऱ्याला कायमचं आल्यावर बरीच वर्षं हे सगळं मागं पडलं. मग ह्यांच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी चरबी आणि मीठ कमी करायला सांगितलं, पण प्रथिनं सोडू नका असंही बजावलं. घरी येताना हे रिक्षात म्हणाले, "म्हणजे काँगकडचं जेवण आता फक्त आठवायचं." ते वाक्य माझ्या मनाला लागलं. मी त्यातनं वाट काढायला बसले.

पोर्क म्हणजे चरबी ही समजूत अर्धी खरी आहे. पोटाकडचा भाग, ज्याला बेली म्हणतात, त्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर चरबी असते. पण पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली जी लांबट, मऊ पट्टी असते, टेंडरलॉइन, ती चरबी काढून भाजली तर १०० ग्रॅमला साधारण ३.५ ग्रॅम चरबी आणि २६ ग्रॅम प्रथिनं भरतात. कण्याच्या वरच्या बाजूचं लॉइन थोडं जास्त चरबीचं, पण कडेची पांढरी पट्टी सोलली की तेही हलकंच. शिवाय पोर्कमध्ये ब-१ जीवनसत्त्व कोंबडीच्या कितीतरी पट असतं. हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भाग नीट निवडा, ताटात एकच तुकडा घ्या आणि रोज खाऊ नका. रोज का नाही तेही सांगितलं: पोर्क लाल मांसात मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, आणि बेकन, सॉसेज, हॅम असं खारवलेलं, धुरावलेलं मांस सरळ 'कर्करोगकारक' गटात. म्हणून बेकन-सॉसेज आमच्याकडं येत नाही. ताजं पोर्क महिन्यातनं एकदा येतं. माणशी कच्चं १२० ते १३० ग्रॅम.

आता भीतीबद्दल. कृतीच्या आधी हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

पोर्क म्हटलं की आपल्याकडं लोक नाक मुरडतात आणि मी त्यांना दोष देत नाही. उकिरड्यावर, गटारीत तोंड घालणारी डुकरं आपण लहानपणापासून बघत आलोय. अशा मोकाट डुकराचं मटण खाऊ नयेच. माझ्या माहेरी चुलतभावाला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी झटके यायला लागले. डोक्याच्या तपासणीत मेंदूत फीतकृमीच्या गाठी निघाल्या. तो तर माळकरी, आयुष्यात अंडंही न खाल्लेला! घरातल्या कुणाला उमजेना. तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, ते मी विसरलेले नाही.

या फीतकृमीचे दोन मार्ग आहेत. गाठी असलेलं पोर्क अर्धकच्चं खाल्लं की माणसाच्या आतड्यात लांब फीतकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. उघड्यावर शौचाला बसलं तर ती मातीत, पाण्यात आणि तिथनं भाजीवर जातात; हात न धुता कुणी स्वयंपाक केला तर थेट अन्नात. ती अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या मेंदूत गाठी होऊ शकतात, मग तो पोर्क खाणारा असो वा नसो. डुक्करही तीच घाण खातं आणि त्याच्या मांसात गाठी होतात. म्हणजे शाकाहारी माणूससुद्धा सुटलेला नाही. त्याला कच्ची कोथिंबीर, कच्चा मुळा, न धुतलेले हात नडतात. म्हणून मी तीन गोष्टींवर अडून बसते. बंदिस्त जागेत, दाण्यावर वाढवलेल्या डुकराचंच मटण. आतपर्यंत पूर्ण शिजवणं. आणि हिरवी पानं तीन पाण्यांत धुणं, स्वयंपाकाआधी साबणानं हात धुणं. तिसऱ्या गोष्टीला पोर्कशी देणंघेणं नाही, ती रोजचीच.

मटण माझा थोरला मुलगा पुण्याहून आणतो. कॅम्पात ओळखीचं दुकान आहे, तिथं पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या, फार्मवरच्या डुकरांचं पोर्क मिळतं. तो शनिवारी सकाळी घेतो, बर्फाच्या डब्यात भरतो आणि खंबाटकी ओलांडून दुपारपर्यंत घरी पोचतो. डब्यात मटणाच्या खाली बर्फ आणि वरही बर्फ. गार हवा खाली उतरते, म्हणून वरचा बर्फ जास्त महत्त्वाचा. पिशवी दुहेरी बांधायची, नाहीतर वितळलेलं पाणी आत शिरतं. मटण घरी आल्यावर हाताला दगडासारखं गार लागलं पाहिजे. कोमट लागलं तर मी ते घेत नाही, मग कितीही पैसे गेलेले असोत. घेताना रंग बघा: फिकट गुलाबी, थोडा लालसर. करडा रंग, चिकट बोट, आंबूस वास, यातलं एक जरी दिसलं तरी मागं फिरा. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या, पाणीदार गाठी दिसल्या तर ते मटण कुत्र्यालाही घालू नका, पुरून टाका.

सहा माणसांना एक किलो बिनहाडाचं लॉइन पुरतं. कडेची चरबी सोला. वर एक चंदेरी, चिवट पापुद्रा असतो, तो शिजत नाही आणि भाजताना आकसून तुकडा वाकडा करतो. सुरीचं टोक त्याच्या खाली घालून, पातं थोडं वर तिरकं धरून ओढलं की पट्टीसारखा निघून येतो. मग धाग्याला आडवे, दोन सेंटिमीटर जाडीचे आठ तुकडे. यापेक्षा पातळ केले तर चामड्यासारखे होतात. जाड केले तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. मटण धुवू नका. धुतल्यानं जंतू जात नाहीत, बेसिनभर उडतात. कोऱ्या सुती फडक्यानं टिपून घ्या आणि ते फडकं लगेच उकळत्या पाण्यात टाका. पाट आणि सुरी आमच्याकडं पोर्कची वेगळी आहे, लाल दोरा बांधलेली.

मग मीठ. शनिवारी संध्याकाळी फक्त मीठ लावते, बाकी काही नाही. किलोला १० ग्रॅम, म्हणजे दोन छोटे सपाट चमचे. पूर्वी १५ ग्रॅम घालायची, ह्यांच्यासाठी कमी केलं. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं डॉक्टर सांगतात. एका तुकड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणून त्या दिवशी बाकी ताट अळणीकडं झुकतं ठेवते. मीठ आदल्या दिवशी लावण्याला कारण आहे. हिरवं वाटण मांसाच्या वरच्या पापुद्र्यावरच राहतं, आतपर्यंत जातं ते फक्त मीठ. त्याला रात्रभराचा वेळ दिला की तेच मांसातलं पाणी धरून ठेवतं आणि कमी चरबीचा तुकडासुद्धा कोरडा पडत नाही. स्टीलच्या डब्यात एकावर एक न रचता, झाकण लावून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे थेंब गळला तरी खाली दुसरं अन्न नसतं.

वाटण रविवारी सकाळी सातला. माझ्या परसात आणि कुंड्यांत जे येतं त्यावरच ते उभं आहे. एक मोठी वाटी कोथिंबीर, देठांसकट. सगळी चव देठात असते. अर्धी वाटी पुदिना. पानओव्याची पाच-सहा जाड, लवदार पानं. आपण पावसाळ्यात ज्याची भजी करतो तोच हा पानओवा. ओव्याच्या दाण्याचं झाड वेगळं, पण वास त्याच जातीचा. विलायती पाककृतीत जिथं ओरेगानो किंवा थाइम लिहिलेलं असतं, तिथं मी डोळे मिटून पानओवा घालते, कारण त्या सगळ्यांच्या तिखट सुगंधामागचे तेलकट घटक बरेचसे सारखेच आहेत. पण सहा पानांच्या वर गेलात तर कडवट होईल. सुनेनं एकदा बेझिल घालूया म्हटलं, तेव्हा मी सब्ज्याची पानं घातली. सब्जा म्हणजेच गोडसर बेझिल, तिची कुंडी आमच्याकडं आहेच. वृंदावनातली तुळस मात्र मटणाला लावत नाही, तेवढं मन अजून माळकरी आहे.

त्यात बारा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, चमचाभर मिरी, चमचाभर भाजलेले धने-जिरे, आणि काँगची आठवण म्हणून दोन मोठे चमचे काळे तीळ, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजलेले. घाण्याचं शेंगदाणा तेल दोन मोठे चमचे. नातवंडं लहान आहेत म्हणून मिरची दोनच. ज्यांना तिखट हवं त्यांना ताटात ठेचा असतो. मी हे पाट्यावर वाटते. मिक्सरमध्ये करायचं असेल तर पाणी अजिबात घालू नका, थांबत थांबत फिरवा आणि थोडं जाडसर राहू द्या. पाणी सुटलेलं वाटण तुकड्याला धरत नाही, शेगडीत गळून विझवा-विझव करतं.

आता एक काम न विसरता. मटणाला लावायच्या आधी, चमचा मटणाला शिवलेला नसताना, चार मोठे चमचे वाटण वेगळं काढून ठेवा. त्यात वाटीभर घट्ट दही मिसळलं की जेवणातली चटणी तयार. उरलेलं तुकड्यांना दोन्ही बाजूंनी चोळून परत फ्रिजमध्ये. कच्च्या मटणाला लागलेलं वाटण पुन्हा चटणी म्हणून ताटात घ्यायचं नाही, कितीही शिल्लक राहिलं तरी.

लिंबू साडेअकराला, भाजायच्या अर्धा तास आधी. एकाच लिंबाचा रस. पहिल्या वेळी मी बोकडाच्या मटणाच्या सवयीनं रात्रीच लिंबू आणि कच्च्या पपईचा कीस लावून ठेवला होता. सकाळी बोट दाबलं तर बोट आत गेलं. वरचा थर पांढरा, पिठूळ, आणि भाजताना जाळीला चिकटून सगळा निघून आला. किलोभर चांगलं मटण गेलं. पोर्कचा हा भाग मुळातच कोवळा आहे, त्याला पपईची गरज नाही.

शेगडी आमची लोखंडी, चौकोनी, लग्नातल्या आचाऱ्याकडून जुनी घेतलेली. जाळी मात्र नवी करून घेतली, जाड स्टेनलेस सळईची, बारा बाय अठरा इंच. वांगी भाजायची पातळ जाळी वाकते. आणि जस्ताचा मुलामा दिलेली, चकचकीत राखाडी कुंपणाची जाळी कापून कुणी वापरत असेल तर कृपा करून वापरू नका. कडक आचेवर त्या मुलाम्याची वाफ होते आणि ती छातीत जाणं चांगलं नाही. कोळसा बाभळीचा. पेटवायला नारळाची किशी आणि दोन-चार काटक्या. रॉकेल नाही, त्याचा वास मटणात उतरतो आणि जात नाही. शेगडी कायम उघड्यावर. थंडी असो, पाऊस असो, पेटता कोळसा बंद खोलीत किंवा दार लावलेल्या गॅलरीत आणू नका. त्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

कोळसा पेटल्यावर घाई होते, तिथं सगळं बिघडतं. ज्वाळा दिसत असताना काही ठेवायचं नाही. पाऊण तास जातो. निखाऱ्यांवर पांढरी राख चढली, आत लाल दिसायला लागलं की चिमट्यानं सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवा. हीच माझ्या सगळ्या पद्धतीची किल्ली. एका बाजूला रंग येतो, दुसऱ्या बाजूला आतून शिजतं. आच बघायला तळहात जाळीच्या वर वीतभर धरा आणि सावकाश अंक मोजा. पाचपर्यंत धरवला तर आच बरोबर. दोनलाच हात ओढावा लागला तर थांबा.

सुरुवात माझ्या सुनेपासून होते. ती पोर्क खात नाही. म्हणून जाळी स्वच्छ असताना आधी तिचं पनीर, कांद्याच्या चकत्या आणि ढोबळी मिरची भाजून, झाकून बाजूला ठेवते. तिच्यासाठी वाटणही वेगळ्या वाटीत काढलेलं असतं. ज्याला जे चालत नाही ते त्याच्या ताटाला शिवता कामा नये. घरातलं माणूस असो की पाहुणा, विचारल्याशिवाय मी पोर्क वाढत नाही.

मग अर्धा कांदा तेलात बुडवून चिमट्यानं जाळीवर घासते, चिकटत नाही. तुकड्यांवरचं जादा वाटण बोटानं निपटून घ्या. जाड थर राहिला तर तोच जळतो. निखाऱ्याच्या बाजूला एक बाजू तीन मिनिटं, उलटून दुसरी तीन मिनिटं. चरबी टपकून ज्वाळ उठली तर पाणी शिंपडू नका, राख उडून मटणावर बसते. तुकडा रिकाम्या बाजूला सरकवा, ज्वाळ आपोआप बसते. रंग आला की सगळे तुकडे रिकाम्या बाजूला, वर उलटं पातेलं झाकून पाच-सहा मिनिटं. मधे एकदा तेलाचा हात फिरवते, तोही गवती चहाच्या पातीनं. आठ-दहा पाती दुमडून, दोऱ्यानं बांधून कुंचा करायचा आणि चमचाभर तेलात बुडवून फिरवायचा. पाती गरम तुकड्याला लागली की जो वास सुटतो, त्या वासानं शेजारची पोरं कुंपणाशी येतात.

वरच्या थरावर सोनेरी, तपकिरी रंग हवा, काळा नको. मांस फार कडक आचेवर करपलं की त्यात घातक संयुगं तयार होतात. हिरव्या पानांचं, लसणीचं वाटण लावल्यानं ती कमी होतात असं अभ्यासांत दिसलंय, पण वाटण लावलंय म्हणून करपवायची मोकळीक मिळत नाही. काळा झालेला कोपरा मी सुरीनं काढूनच वाढते. नातवंडांना गोडसर आवडतं म्हणून त्यांच्या दोन तुकड्यांना शेवटच्या दोन मिनिटांत मध लावते. मध आधी लावला तर जळतोच. मध महाबळेश्वरकडचा. तिथलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून जाता-येता तिथनंच घेते.

शिजलं का, हे रंगावरून ओळखू नका. मी तीस वर्षं डोळ्यांवर विश्वास ठेवला, आता टोचायचा थर्मामीटर ठेवते. काही शे रुपयांत मिळतो. कांडी तुकड्याच्या वरून न टोचता कडेनं, आडवी, मधल्या भागापर्यंत घालायची. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ साली पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ७१ अंश सेल्सिअसचा जुना नियम बदलून ६३ अंश आणि पुढं तीन मिनिटं विसावा असा केला. खिम्याला ७१ च ठेवला. तिकडचं डुक्करपालन आणि तपासणी वेगळी. मी भावाचे झटके पाहिलेत, त्यामुळे माझा नियम ७१ चाच. ७० वर उतरवते आणि झाकून ठेवल्यावर एक-दोन अंश वर चढतोच, तो पुन्हा टोचून बघते. रात्रभर मीठ लागलेलं असल्यानं ७१ लाही तुकडा रसाळ राहतो. दर वेळी टोचल्यावर कांडी गरम साबणाच्या पाण्यानं पुसा.

थर्मामीटर बरोबर आहे का हे घरीच तपासता येतं. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात शून्य दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र १०० दाखवला नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका, मी भांडून आले होते. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला त्याहून दोनेक अंश खाली. बर्फाची परीक्षा सगळीकडं सारखी, तीच करा.

तुकडे उतरवल्यावर धुतलेल्या, नव्या ताटात. कच्चं मटण ज्या ताटात होतं त्यात पुन्हा नाही, ही चूक भल्याभल्यांकडून होते. पाच मिनिटं झाकून ठेवा, मग पातळ काप करा.

पावसाळ्यात, साताऱ्याच्या त्या संततधारेत, शेगडी जमत नाही. तेव्हा हेच बिडाच्या तव्यावर, परसाच्या पत्र्याखाली गॅसची छोटी शेगडी लावून. तवा चांगला तापवायचा, दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिनिटं, मग आच एकदम बारीक करून झाकण. धुराचा वास येत नाही, बाकी सगळं येतं.

ताटात काय असतं ते सांगते, कारण पोर्क हा ताटाचा एक कोपरा आहे, अख्खं ताट नाही. शाळूची भाकरी. रात्री भिजवून कुकरला मऊ शिजवलेला कोरेगावचा वाघ्या घेवडा, त्यात कांदा, टोमॅटो, लिंबू. घेवडा अर्धकच्चा ठेवू नका, पोट बिघडतं. निखाऱ्याच्या राखेत पुरून भाजलेली रताळी. तीन पाण्यांत धुतलेली काकडी आणि मुळा. दह्यातली हिरवी चटणी. डिसेंबर ते मार्च असेल तर वाईच्या बाजूनं आलेली स्ट्रॉबेरी, मिरी भुरभुरून. ह्यांच्या ताटात पोर्क एकदाच, भाकरी दीड, घेवडा हवा तेवढा. गेल्या तपासणीत आकडे खाली आले. ते सकाळच्या चालण्यानं, औषधानं आणि रोजच्या साध्या जेवणानं आले, एका रविवारच्या पोर्कनं नव्हे, हे मला माहीत आहे. पण त्या एका रविवारसाठी ते बाकीचे दिवस तक्रार न करता पाळतात.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन दिवसांच्या वर ठेवत नाही. सहसा उरतच नाही. मी दोन तुकडे मुद्दाम आधीच काढून ठेवते. सोमवारी पहाटे मुलगा पुण्याला निघतो तेव्हा पातळ काप तव्यावर वाफ येईपर्यंत गरम करते आणि चटणी, कांदा घालून भाकरीत गुंडाळते. डबा पिशवीत ठेवते आणि त्याच पिशवीत बर्फाचा रिकामा डबाही, पुढच्या खेपेसाठी धुऊन.